थोरल्या जावयाचा वण

आमचे साडू गेले तेव्हा मी पंचवटीत एका लग्नाचा मंडप उभा करत होतो. बांबूवर चढलेल्या माणसाला खालून सूचना देत होतो, आणि सूचना म्हणजे माझ्या आवाजात. हा आवाज एकदा घशातून सुटला की देवळालीच्या तोफखान्यात लोक आपापल्या टोप्या सांभाळतात, अशी त्याची ख्याती आहे. तेवढ्यात मुलीचा, केतकीचा, फोन आला. ती मालेगावला शाळेत शिकवते, सकाळच्या वेळी कधी फोन करत नाही. "बाबा, अण्णाकाका गेले." मी म्हटलं, "कुठे गेले?" ती हळूच म्हणाली, "गेले, बाबा." सकाळचा चहा पिऊन झाला, कप बशीत ठेवला, चष्म्याची घडी केली आणि खुर्चीतच मान टाकली म्हणे. मरतानासुद्धा घडी मोडली नाही या माणसानं! मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "मावशीचा फोन आला होता. पहिला मलाच केला तिनं."

मेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहू नये म्हणतात. जिवंत माणसांबद्दल मी पुरेसं बोललो आहे, तेव्हा हे एक खरं लिहितो: त्या क्षणी काळजात जी पहिली कळ आली ती दुःखाची नव्हती. नवरा खुर्चीत बसल्या जागी गेला, आणि सुमनताईंना पहिली आठवली ती माझी मुलगी. सख्खी बहीण मंगल, म्हणजे माझी बायको, जेलरोडला त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर असताना नाही. मी तर नाहीच नाही. दुःख आलं, भरपूर आलं, पण ते मागच्या गाडीनं आलं. पुढच्या गाडीत नेहमीप्रमाणे मत्सर बसला होता, खिडकीची जागा धरून.

साडू या नात्याची गंमत ज्यांना साडू आहे त्यांनाच कळेल. सख्खे भाऊ भांडतात, चुलत भाऊ कोर्टात जातात. साडू एकमेकांना मोजत राहतात. आमची सासुरवाडी इगतपुरीची. सासरे रेल्वेत गार्ड होते. अण्णा थोरले जावई, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर. मी धाकटा, मंडप-केटरिंगवाला. पहिल्या दिवाळसणाला मी सासुरवाडीला पोचलो तो सगळं घर जिंकायच्या तयारीनं. आल्या आल्या त्र्यंबकच्या वाऱ्यानं माझा मंडप कसा उडाला आणि नवरदेवासकट घोटीच्या भातशेतात कसा अलगद उतरला, ते सांगितलं. मेहुणे हसले, सासरे हसले, शेजारचे स्टेशनमास्तर चहा विसरून बसले. मी म्हटलं, झालं, घर आपलं. आणि तेवढ्यात अण्णा आंघोळीसाठी सदरा काढून परसात आले... झालं! सगळं घर एकदम गप्प. त्यांच्या उजव्या कानामागून निघून मानेवर, खांद्यावर आणि तिथून पार कोपराखाली गेलेला तो वण मी पहिल्यांदा पाहिला. सुकलेल्या सायीसारखी चकचकीत, ओढलेली, गुलाबी-तांबूस कातडी. सासूबाई लगबगीनं उठल्या, त्यांच्यासाठी वेगळ्या बादलीत पाणी काढलं, स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोमट आहे हो, जावईबापू. फार गरम नाही." मला बंबातलं दिलं, उकळतं. मी ओरडलो तर म्हणाल्या, "यांचा आवाज मोठाच आहे मुळी."

मी रात्रीपर्यंत कसाबसा दम धरला आणि जेवताना विचारलं, "अण्णा, हे कसं झालं?" ते म्हणाले, "वाफ लागली." आणि भातावर वरण घेतलं. एवढंच! अख्खं वीजकेंद्र, डोंगराएवढा बॉयलर, फुटलेली नळी, शिट्टी घालणारी वाफ, आत अडकलेली माणसं... आत कुणी अडकलं होतं की नाही मला माहीत नाही, पण अडकवता आली असती की! आणि हा माणूस त्याचे दोन शब्द करतो. दात आहेत त्याला चणे नाहीत आणि चणे आहेत त्याला दात नाहीत, ही म्हण मला त्या रात्री पूर्ण समजली. तो वण माझ्या अंगावर असता तर मी त्यावर इगतपुरीपासून मनमाडपर्यंत राज्य केलं असतं.

नाही म्हणायला माझ्याकडेही एक वण होता. छातीवर, बरोबर मधोमध. तरुणपणी साधा फोड आला होता, वाटाण्याएवढा. फोड बरा झाला पण त्याच्या जागी कातडी वर आली, आणि वर आल्यावर चहूबाजूंनी पसरायला लागली. खेकड्यानं नांग्या टाकाव्या तशी. मी त्या नांग्यांचा विचार करून निफाडच्या उसातला बिबट्या तयार केला. बिबट्यानं पंजा मारला, मी त्याच्या डोळ्यात डोळा घालून म्हटलं, "बाबा, मी मंडपवाला आहे, तुझ्या पोरीच्या लग्नाला सवलत देईन," आणि तो लाजून परत उसात गेला. ही गोष्ट मी जिल्हाभर सांगितली. पुढच्या दिवाळीत परसात मीही सदरा काढला. सगळ्यांनी पाहिलं. अण्णांनी चष्मा लावून, वाकून, अगदी जवळून पाहिलं, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बाळासाहेब, हा फोडाचा आहे. आणि हा सांडलेला आहे. कापू नका कधी."

वणांसाठी त्यांची स्वतःची भाषा होती. स्वतःच्या भाजण्यात वर्ष-दीड वर्ष दवाखान्यात काढलं, तिथं डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून त्यांनी ती तयार केली होती. जो वण कातडीच्या पातळीवर राहतो, नुसता रंग वेगळा, तो बसलेला. देवीचे किंवा मुरमांचे खड्डे पडतात ते खचलेले. जखमेच्या हद्दीत राहून जाड आणि लाल होतो तो उठलेला; तो खाजतो, त्रास देतो, पण पट्टी, दाब, मालीश आणि मुख्य म्हणजे काळ मिळाला तर पुष्कळदा खाली बसतो. जो जखमेची हद्द ओलांडून चांगल्या कातडीत घुसतो तो सांडलेला. डॉक्टर त्याला कीलॉइड म्हणतात. आणि सांध्यावर येऊन अवयव आखडतो तो ओढणारा. "ओढणाऱ्याला घाबरायचं," ते म्हणायचे, "बाकीचे दिसण्याचे. हा हलण्याचा."

आता मला कुणी 'कापू नका' म्हटलं की मी काय करणार? त्यातून ते अण्णांनी म्हटलेलं. खाज तर सुटायचीच, सदऱ्याचं बटण घासलं की जीव जायचा. मी एका ओळखीच्या डॉक्टरांच्या मागे लागलो. ते म्हणत होते, नुसतं कापून उपयोग नाही, हा परत येतो, सोबत बाकीचे उपचार लागतील. मी म्हटलं, "तुम्ही कापा हो, आमच्या घरात परत येणारे फक्त पाहुणे." कापला. छान सपाट छाती झाली. आणि मग तो आला की हो परत! जाताना बोराएवढा गेला होता, येताना आंब्याच्या कोयीएवढा होऊन आला, कुटुंबकबिला घेऊन. वण वाढला तसा मला बिबट्याही वाढवावा लागला. शेवटी त्याचा पट्टेरी वाघ करावा लागला आणि निफाडहून मेळघाटात न्यावा लागला. अण्णा एका शब्दानं बोलले नाहीत. सकाळी स्कूटर घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला, त्वचेच्या डॉक्टरांकडे." तिथं वणाच्या आतच इंजेक्शनं देतात. ठरावीक आठवड्यांनी एक, असं किती तरी वेळा. पहिल्या सुईला मी जी आरोळी ठोकली तिनं बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट आपोआप बरे होऊन घरी गेले. पण खाज गेली, गाठ मऊ झाली, हळूहळू खाली बसली. वर सिलिकॉनची पट्टी लावायची, तीही अण्णांनीच कापून दिली. मी बरा झालो आणि माझी अवस्था अशी झाली, की ना धड वाघ, ना धड उपकार फेडायची सोय.

सगळ्यात राग यायचा तो लोक त्यांना काय काय सांगायचे याचा. बोलायचो मी, मन मोकळं करायचे त्यांच्याजवळ. हा माणूस लग्नात वधूवर सोडून लोकांच्या माना, कोपरं, हनुवट्या बघत हिंडायचा. एकदा भाजीबाजारात एका मावशींच्या कपाळाकडे इतका वेळ बघत राहिले की मावशींनी मुळ्याची जुडी उगारली, "काय बघतोस रे म्हाताऱ्या?" अण्णा शांतपणे म्हणाले, "टाके छान पडलेत. कुणी घातले?" आणि मावशी जुडी खाली ठेवून सांगायला बसल्या! माझ्या मेहुण्याची पोरगी लग्नाची, गालावर मुरमांचे खड्डे. घरातल्या बायका तिला लिंबू चोळत होत्या, बेसन चोळत होत्या, एका आत्यानं तर खडेमीठ काढलं. अण्णा दारातूनच म्हणाले, "अगं, ती भिंत आहे का घासायला?" मग पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, की आधी नवी मुरमं थांबवायची, मग खड्ड्यांचं बघायचं. बारीक सुयांचं यंत्र आहे, लेसर आहे, पण सगळं डॉक्टरांच्या हातानं, बऱ्याच बैठकांत, उन्हापासून जपून. आणि खड्डे उथळ होतात, पार पुसले जात नाहीत. "लग्न तोंडावर आलंय तर आत्ता काही करू नकोस. गाल लाल घेऊन बोहल्यावर चढशील." पोरगी पहिल्यांदा हसली. लग्नात तिनं आशीर्वादाला पहिलं वाकून कुणाला नमस्कार केला असेल, सांगा! मंडप कुणाचा होता? माझा. जेवण कुणाचं? माझं. नमस्कार कुणाला?

माझ्याकडे सोमा म्हणून कारागीर आहे, पेठ तालुक्याकडचा. उभी हयात माझ्या मंडपात घालवली त्यानं. एकदा अण्णा साइटवर आले, सोमा सदरा वर करून घाम पुसत होता. पाचेक मिनिटांत सोमा त्यांना पोट दाखवून सांगत होता, "लय लहान व्हतो. पोट दुखायचं म्हून आजीनं तापल्या सळईनं डागलं. तवा दवाखाना कुठं व्हता?" पोटावर चार-पाच पांढुरके ठिपके. मी इतकी वर्षं पाहत होतो, मला वाटायचं माशा बसल्यात. "खाजतं? ओढतं?" अण्णांनी विचारलं. "नाय." "मग असू दे. बसलेले आहेत, त्यांना उठवू नकोस. पण नातवंडांना असं करू देऊ नकोस कुणाला." सोमा म्हणाला, "नाय जी, आता करू देतो व्हय?" मी म्हटलं, "सोम्या, मला कधी सांगितलं नाहीस!" तर म्हणतो, "शेठ, तुमी इचारलं कधी? तुमी सांगत ऱ्हाता."

पण हे सगळं सोसलं असतं. सोसवलं नाही ते केतकीचं.

केतकी सात वर्षांची असेल. घरात साखरपुड्याच्या जिलब्यांचा पाक उकळत होता. सगळं घर स्वयंपाकघरात, गप्पा, हसणं. वेलदोड्याची पूड आपणच टाकणार म्हणून ती पाटावर चढली, तोल जाऊ लागला तसा पातेल्याचा काठ धरला आणि पातेलं तिच्या अंगावर कललं. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटतो. उजवा तळवा, बोटं, मनगट... तिची ती किंकाळी मी अजून कुणाला करून दाखवलेली नाही. मग घरात जे होतं तेच झालं. एक जण हळद घेऊन धावला, एक शाई घेऊन, मंगलच्या हातात तूप, माझ्या हातात टूथपेस्टची ट्यूब, झाकण उघडलेली. अण्णांनी आम्हा सगळ्यांना कोपरानं बाजूला केलं, पोरीला उचललं आणि मोरीतल्या नळाची धार त्या हातावर धरली. आणि धरूनच ठेवली. ती हात ओढत होती, मी ओरडत होतो, "अहो, दवाखान्यात न्या!" ते म्हणाले, "तुम्ही रिक्षा आणा." आयुष्यात मी त्यांचा तेवढा एकच हुकूम मुकाट्यानं पाळला. आणि पुढची वर्षं त्याचंच नवल करत राहिलो, की नळाजवळ ते होते आणि रस्त्यावर मी.

मांडीची कातडी काढून तळव्यावर लावावी लागली. जखम भरली, आम्ही पेढे वाटायच्या विचारात, तर डॉक्टर म्हणाले, खरी लढाई आता आहे. तळव्यावरचा वण आखडणार, बोटं आत ओढणार, आणि लक्ष दिलं नाही तर ही मूठ उघडायची नाही. रात्री बोटं ताणून ठेवणारी पट्टी, दिवसा घट्ट हातमोजा, आणि दिवसातून अनेकदा मालीश. वणावर अंगठा असा दाबायचा की कातडी पांढरी पडली पाहिजे, मग गोल गोल, मग बोटं एकेक करून मागे. दुखतं. मुलाला कळत नाही की आपला बाप आपल्याला का दुखवतोय. मी तिचा हात धरला की ती असा टाहो फोडायची की माझा अंगठा आपोआप सैल पडायचा. आणि सैल अंगठ्यानं वण सुटत नाही. एकदा तिनं मला चावा घेतला. म्हणाली, "तुम्ही नको. काका पाहिजेत." अण्णा संध्याकाळी ड्यूटीवरून परस्पर आमच्याकडे यायला लागले. केतकी त्यांना ओढत आतल्या खोलीत न्यायची आणि दार लावून घ्यायची. आतून! म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच मुलीनं, माझ्याच तोंडावर.

मी बाहेर बसायचो, चपला मोजल्यासारखं करत. आतून रडण्याचा आवाज येत नसे. थोडा वेळ शांतता, मग अचानक पुरुषी आवाजात एक जबरदस्त "आ ऽऽ ऊ ऽऽ!" आणि त्यावर केतकीचं खदखदून हसणं. पुन्हा शांतता. पुन्हा आरोळी, पुन्हा हसू. पहिल्या दिवशी मला वाटलं शेजाऱ्यांचा कुत्रा. दुसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला: हा माझा बिबट्या! घरात जो माणूस 'वाफ लागली'च्या पुढे जात नाही, तो आत माझ्या मुलीला माझीच गोष्ट डरकाळीसकट सांगतोय. माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकताना केतकी जांभई द्यायची! मी मंगलला म्हटलं, "तुझा जिजाजी चोर आहे." ती म्हणाली, "तिची बोटं उघडतायत ना? मग चोर तर चोर." अण्णांना विचारलं, "काय सांगता हो तिला?" "काही नाही." केतकीला विचारलं, तर म्हणाली, "ते आमचं आहे."

बोटं उघडली. मध्ये एकदा ओढणारी दोरी सोडवायला छोटं ऑपरेशन करावं लागलं, कातडीवर नागमोडी छेद देऊन, तेव्हाही भूल उतरल्यावर तिनं डोळे उघडून विचारलं, "काका आले?" मी तिच्या उशाशी होतो. मी म्हटलं, "येतायत." आणि गंमत बघा, आज तो हात फळ्यावर लिहितो, दुचाकीचा ब्रेक दाबतो, करंगळी तेवढी जराशी वाकलेली, पेरू धरल्यासारखी. थंडीत तळवा मात्र कोरडा पडून आखडतो. म्हणून दर हिवाळ्यात रविवारी ती मालेगावहून यायची, आमच्याकडे बॅग टाकायची आणि मला म्हणायची, "बाबा, काकांकडे सोडा." मी सोडायचो. त्या वेळी वर कधी गेलो नाही. खाली टपरीवर चहा घ्यायचो, आणि तिसऱ्या मजल्यावरून, मोठ्या झालेल्या बाईचं तेच हसू आणि म्हाताऱ्या माणसाची तीच डरकाळी खाली यायची. टपरीवाला विचारायचा, "वर कुणाला बरं नाही का?" मी म्हणायचो, "वर एक बिबट्या पाळलाय."

अण्णांना जाऊन काही आठवडे झाले. गेल्या रविवारी केतकी आली. थंडी पडली आहे. बॅग टाकली आणि सवयीनं म्हणाली, "बाबा, काकांकडे..." आणि थांबली. मग म्हणाली, "मावशीकडे सोडा. तुम्हीही वर चला." मालिशीच्या वेळी मी पहिल्यांदाच तो जिना चढलो. सुमनताई स्वयंपाकघरात होत्या. मागच्या गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. केतकी एकीत बसली, मला दुसरीत बसायला सांगितलं, तेलाची बाटली दिली आणि उजवा हात माझ्या मांडीवर उघडा टाकला. मी अंगठा ठेवला. कातडी थंड होती, ताठ. मी दाबलं. ती म्हणाली, "अजून." मी दाबलं. पांढरी पडली. आणि मग मी पाहिलं की तिचा डावा हात काहीतरी शोधतोय. हवेत पुढे आला, काही नव्हतं, परत गेला; खुर्चीच्या हातावर टेकला आणि अंगठा तिथं वेतावर गोल गोल फिरायला लागला.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही. सवय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "ते माझा हात दाबायचे, मी त्यांचा. तो भाजलेला. एकाच वेळी. जो आधी ओरडेल तो हरला."

"मग?"

"मग काय, दर वेळी काकाच हरायचे. मी किती जोरात दाबायचे, बाबा! सातवी-आठवीपर्यंत मला वाटायचं, मी केवढी शूर, मला दुखत नाही आणि एवढा मोठा माणूस ओरडतो." ती हसली... "नंतर कॉलेजात असताना एकदा त्यांना तिथंच सांडशीचा चटका बसला, चांगला फोड आला, तर त्यांना पत्ताच नव्हता. मावशीनं दाखवला तेव्हा कळलं. त्या वणाला काही जाणवतच नव्हतं. मेलेली कातडी होती ती. एवढी वर्षं नुसते ओरडत होते."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही. मी परत दाबलं. ते परत ओरडले."

मी गप्प बसलो. माझ्या बाबतीत ही घटना जिल्ह्यात फार थोड्या लोकांनी पाहिली आहे. मला आधी वाटलं, आपल्याला गहिवरून येतंय. पण नीट पाहिलं तर तो जुनाच पाहुणा होता, खिडकीतला मत्सर. रूप त्यांच्याकडे होतं, हुद्दा होता, सासूबाईंचं कोमट पाणी होतं, लोकांची मनं होती. ते सगळं मी त्यांना देऊन टाकलं होतं, कुरकुरत का होईना. थापा तेवढ्या माझ्या होत्या. ते खातं माझं होतं! मी आयुष्यभर बिबटे सोडले, मंडप उडवले, एकाही माणसानं त्यावर घडीभरापेक्षा जास्त विश्वास ठेवला नाही. आणि हा 'वाफ लागली'वाला माणूस दार लावून एकच थाप मारतो, शब्दाशिवाय, वर्षानुवर्षं, आणि त्या थापेवर एक अख्खी मूठ उघडते. असं खोटं मला एकदाही जमलं नाही. खरं सांगतो, त्यांच्या वणाचा एवढा हेवा मला त्या दिवाळीतही वाटला नव्हता.

मी डाव्या हाताची बाही वर केली आणि कोपरापासूनचा हात तिच्यासमोर धरला. केसाळ, जाड, एकही ओरखडा नाही. "घे," म्हटलं, "दाब."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "बाबा, यावर काहीच नाही."

"मग तर दुखेल. दाब."

तिनं अंगठा ठेवला. मास्तरीणबाईंच्या अंगठ्यात काय जोर असतो ते मालेगावच्या पोरांना विचारा. माझा उजवा अंगठा तिच्या तळव्यावर, तिचा डावा माझ्या मनगटावर. मी तिची कातडी पांढरी पडेपर्यंत दाबलं, तिनं ओठ आवळले. आणि मग मी आरोळी ठोकली. सगळी हयात ज्या आवाजाच्या बढाया मारल्या, तो सगळाच्या सगळा काढला. खालचा टपरीवाला रस्त्यात आला असेल.

केतकी हसली. पण थोडंच. मान तिरकी करून म्हणाली, "बरं आहे. काका याहून छान ओरडायचे."

तेवढ्यात आतून सुमनताईंचा आवाज आला, भांड्यांच्या आवाजावरून, अगदी सहज, रोजचा, "अगं, हळू दाब गं त्यांना!"

बोलून गेल्या आणि आतली भांडी थांबली. आम्हीही थांबलो... ते वाक्य माझं नव्हतं, कितीतरी हिवाळे ते दुसऱ्याच माणसासाठी त्या गॅलरीत येत होतं. पण खुर्चीत त्या वेळी मी होतो. थोड्या वेळानं आत पुन्हा नळ सुरू झाला. केतकीनं अंगठा आणखी थोडा वर सरकवून नीट टेकवला, आणि मी पुढच्या आरोळीसाठी श्वास भरून घेतला.